बदामी: आधी किल्ला, मग लेणी

बदामीला जाणाऱ्या बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी गाडी दक्षिणेकडच्या टेकडीखाली लागते, चार लेणी पाहून होतात, वरच्या ओट्यावरून खालच्या तळ्याचे फोटो निघतात आणि दुपारच्या आत मंडळी पट्टदकल-ऐहोळेच्या वाटेला लागलेली असतात. लेण्यांना बोल लावण्याचे काही कारण नाही. ती पाहायला जगभरातून लोक येतात ते उगीच नव्हे. पण तळ्यापलीकडे, नेमका समोर, जो तांबडा कडा उभा असतो आणि ज्याच्या माथ्यावर एक देऊळ एकटेच दिसते, तो बहुतेकांच्या फोटोत मागच्या बाजूला येतो आणि तिथेच राहतो. हा क्रम बदलायला हवा, असे मला ठामपणे वाटते. बदामी मुळात किल्ला आहे. लेणी, देवळे, तळ्याकाठचे घाट हे सगळे त्या किल्ल्याच्या आश्रयाने आले.

हे दगडावर कोरलेल्या तारखांवरूनच सांगता येते. उत्तरेकडच्या टेकडीच्या कड्यावर पाच ओळींचा एक संस्कृत शिलालेख आहे. त्यात शके ४६५, म्हणजे इसवी सन ५४३, असा काळ दिला आहे. वल्लभेश्वर म्हणवणारा चालुक्य राजा, म्हणजे पहिला पुलकेशी, आपण अश्वमेध केल्याचे त्यात सांगतो आणि वातापीचा हा डोंगर वरून आणि खालूनही दुर्गम असा किल्ला केल्याचे जाहीर करतो. चार लेण्यांपैकी तारीख कोरलेले लेणे एकच, तिसरे. राजा कीर्तिवर्म्याचा भाऊ मंगलेश याने ते शके ५०० मध्ये, म्हणजे ५७८ साली, कार्तिकी पौर्णिमेला विष्णूला अर्पण केले आणि त्याच्या खर्चासाठी एक गाव लावून दिले. किल्ल्याच्या लेखानंतर ३५ वर्षांनी. चालुक्यांच्या हातचा तारीख असलेला सर्वांत जुना लेख कुठला, तर हा किल्ल्याचा. राज्य उभारताना त्यांनी आधी डोंगर बांधून काढला.

जागेची निवडही विचार करण्यासारखी आहे. चालुक्यांची बाकीची दोन मोठी ठिकाणे, ऐहोळे आणि पट्टदकल, मलप्रभेच्या काठी आहेत. राजधानी मात्र त्यांनी नदीपासून दूर, डोंगराच्या कुशीत नेली. नदीकाठी पाणी फुकट मिळते, पण शत्रूलाही ते फुकटच मिळते. बदामीला तीन बाजूंनी डोंगर आहेत आणि पश्चिमेकडे तेवढे तोंड मोकळे. त्या तोंडाशी बांध घातला की आतली सगळी दरी तळे होते. अगस्त्यतीर्थ म्हणतात ते हेच. पावसाळ्यात डोंगरावर पडलेले पाणी उघड्या खडकावरून वाहत येते, कड्यावरून धबधब्याने खाली कोसळते आणि बांधाआड साठते. पूर्वेच्या बाजूला अशा दोन धारा शेजारी शेजारी पडतात; लोक त्यांना अक्का-तंगी म्हणतात, म्हणजे थोरली आणि धाकटी बहीण. हा पट्टा कमी पावसाचा आहे. अशा मुलखात राजधानीच्या मधोमध तळे असणे आणि त्याच्या दोन्ही अंगांना तटबंदीच्या टेकड्या असणे, याच्याइतकी मोठी शिबंदी दुसरी नाही. उत्तर टेकडीवरून आणि दक्षिण टेकडीवरून या पाण्यावर नजर राहते. पाण्याला हात लावायचा तर आधी गाव आणि दोन्ही टेकड्या घ्याव्या लागतील.

सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाला इथला दगड आधी परका वाटतो. आपला बेसाल्ट लाव्हाचा, काळा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. बदामीचा दगड वाळूचा आहे आणि त्याहून कितीतरी जुना, पृथ्वीवर झाडे किंवा जमिनीवरचे प्राणी येण्याच्याही आधीचा. वाहत्या पाण्याने आणून टाकलेली वाळू थरावर थर बसत गेली, दाबली गेली आणि तिचा दगड झाला. कड्याकडे नीट पाहिले तर भाकऱ्यांची चळत रचावी तसे आडवे थर दिसतात. आणखी जवळ जाऊन हात लावून पाहिले तर एकेका आडव्या थराच्या आत बारीक तिरक्या रेषा दिसतात. त्या काळी प्रवाह ज्या बाजूला वाहत होता त्या बाजूला वाळू उतरत गेली, तिचा तो माग आहे. तांबडा रंग लोहाच्या गंजाचा. हा दगड छिन्नीला बेसाल्टपेक्षा लवकर वश होतो आणि तरी कोरीव काम शतकानुशतके धरून ठेवतो. चालुक्यांच्या पाथरवटांनी दोन्ही गोष्टींचा फायदा घेतला: डोंगरात लेणी खोदली आणि डोंगरावर मोठमोठे चिरे चुन्याशिवाय, नुसते एकमेकांवर बसवून देवळे उभी केली.

किल्ल्याच्या दृष्टीने या दगडाचा तिसरा गुण महत्त्वाचा. त्याला उभ्या चिरा पडतात. पाणी त्या चिरांतून उतरते, त्या रुंदावतात आणि शेवटी अखंड टेकडीचे उभे तुकडे होतात, मधे अरुंद घळी राहतात. कडा सरळ तुटलेला, वर जायची वाट तेवढी त्या घळीतून. जगभरचे प्रस्तरारोहक आज बदामीला येतात ते याच कड्यांसाठी. पुलकेशीच्या माणसांना दोर लावून चढणारे गडी नको होते. त्यांनी घळीत दरवाजे घातले आणि काम झाले.

उत्तर टेकडीची वाट पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयापासून सुरू होते. संग्रहालय लहान आहे, पण त्यातली लज्जागौरीची मूर्ती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. कमळाचे मस्तक असलेली, प्रसूतीच्या आसनातली ही देवी नागनाथकोळ्ळ इथून आणलेली आहे आणि दगडाला इतका मऊपणा क्वचितच आलेला दिसतो. मागून पायऱ्या चढू लागले की पहिला दरवाजा लागतो आणि लगेच वाट दोन कड्यांच्या मधे शिरते. इथे थांबून वर पाहावे. दोन्ही बाजूंना उभ्या तांबड्या भिंती, वर आकाशाची एक पट्टी. वाट कुठे वळणार ते वळेपर्यंत कळत नाही. कुठे चारपाच माणसे जेमतेम शेजारी शेजारी चालतील एवढी जागा, कुठे तेवढीही नाही. खालून चढणाऱ्या सैन्याची संख्या कितीही असो, या घळीत ते चारपाचांचेच होते, आणि वरच्या कडेवर दगड घेऊन बसलेल्या मोजक्या माणसांच्या ते थेट खाली येते. बोललेला शब्द कड्यांवर आदळून परत येतो, त्यामुळे आत शिरलेल्याची चाहूल वरच्याला आधीच लागते. आपल्याकडे महादरवाजा गोमुखी बांधणीत लपवतात, वाट मुद्दाम वळवून दोन बुरजांमध्ये आणतात. इथे ती वळणे आणि ते बुरूज निसर्गानेच दिले होते.

घळीतून बाहेर आले की खालचे शिवालय दिसते. त्याचे मंडप कधीच पडले, उरला आहे तो उंच गाभारा आणि त्यावरचे शिखर. आणखी वर धान्याची कोठारे आहेत: गोल, जाड भिंतींची, घुमटी माथ्याची. पन्हाळ्याचे अंबरखाने पाहिलेल्यांना ती लहान वाटतील, पण त्यांचे काम तेच. पाणी खाली तळ्यात आणि धान्य वर कोठारात, म्हणजे वेढा पडला तरी गड दम धरू शकतो. जवळच टेहळणीचा बुरूज आहे. आज दिसणारी बरीचशी तटबंदी चालुक्यांची नाही, हे इथे सांगायला हवे. विजयनगरच्या पहिल्या हरिहराच्या काळातला, १३४०च्या सुमाराचा, किल्ल्याच्या बांधकामाचा लेख बदामीत आहे. पुढे आदिलशाही आली, हैदर-टिपू आले, मराठे आले, आणि ज्याने त्याने तट वाढवला, डागडुजी केली. बंदुकीच्या जंग्या दिसल्या की तो भाग तोफाबंदुकांच्या काळातला समजावा. पायाचा कडा मात्र तोच.

अगदी माथ्यावर वरचे शिवालय. सातव्या शतकातले, चालुक्यांच्या बांधीव देवळांमधले फार जुने. देवळाभोवती फिरताना नजर खाली, जोत्याकडे ठेवावी. तिथे बारीक पट्ट्यांत रामायणातले आणि कृष्णाच्या बाललीलांचे प्रसंग कोरले आहेत. वर भिंतीवर गोवर्धन उचललेला कृष्ण आहे, नरसिंह आहे. दगड झिजला आहे, काही चेहरे गेले आहेत, तरी हालचाल ओळखू येते. इथून खाली पाहिले की सगळी रचना एका नजरेत समजते: समोर लेण्यांची टेकडी, मधे हिरवट पाणी, डावीकडे तळ्याच्या पूर्व टोकाला भूतनाथाची देवळे, उजवीकडे बांध आणि त्याला लागून गाव, आणि गावापलीकडे सपाट माळ. पश्चिमेकडून येणारी धूळसुद्धा इथून कोसांवरून दिसली असेल. त्याच बाजूला, एका सुट्या खडकावर मालेगित्ती शिवालय आहे. त्याची वाट वेगळी, गावातून जाते. बदामीतल्या जुन्या देवळांत सर्वांत शाबूत राहिलेले ते आहे, त्यामुळे पाय थकले तरी ते सोडू नये.

एवढा दुर्गम म्हणवला गेलेला हा किल्ला शंभर वर्षांच्या आत पडला, आणि तो चालुक्यांचा सर्वांत बलाढ्य राजा गादीवर असताना. दुसऱ्या पुलकेशीने काका मंगलेशाशी लढून गादी मिळवली, उत्तरेच्या सम्राट हर्षाला नर्मदेवर अडवले आणि ऐहोळेच्या ६३४च्या प्रशस्तीत कवी रविकीर्तीने त्याला ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी म्हटले. मराठी वाचकाने बदामीशी नाते सांगावे ते इथून: आपल्या प्रदेशाचे नाव कोरलेला हा महत्त्वाचा जुना लेख आहे आणि तो या राजाच्या दरबारातला आहे. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याच राजाच्या अमलात इथे आला. इथले लोक मानी, उपकार न विसरणारे आणि अपमानाचा सूड घेणारे असल्याचे त्याने लिहिले. लढाई हरलेल्या सेनापतीला शिक्षा न करता स्त्रीवेष देतात आणि युद्धाला निघताना हत्तींना मद्य पाजतात, अशीही नोंद केली. त्यानंतर थोड्याच काळात, ६४२च्या सुमारास, कांचीच्या पल्लव नरसिंहवर्म्याने वातापी घेतली. आधी पुलकेशी कांचीवर चालून गेला होता, त्याची ही परतफेड. पल्लवांचा कूरम ताम्रपट म्हणतो की पळणाऱ्या पुलकेशीच्या पाठीवरच नरसिंहवर्म्याने विजयाची अक्षरे लिहिली. पुलकेशी बहुधा याच युद्धात मारला गेला. नरसिंहवर्म्याने ‘वातापिकोंड’, म्हणजे वातापी जिंकणारा, असे बिरुद घेतले आणि बदामीतल्याच एका खडकावर आपला लेख कोरला. तो आजही आहे.

वातापीहून पल्लवांच्या सेनापतीने गणपतीची मूर्ती तमिळ देशात नेली, अशी तिकडची परंपरा आहे. मुत्तुस्वामी दीक्षितरांची हंसध्वनी रागातली ‘वातापि गणपतिम्’ ही कृती कर्नाटक संगीताच्या मैफलीत आरंभी म्हणतात, तिच्यातला वातापी हाच. चालुक्यांनी राजधानी ६५५च्या सुमारास परत मिळवली आणि सुमारे पाऊण शतकानंतर दुसऱ्या विक्रमादित्याने कांची जिंकली. त्याने काय केले ते कांचीच्या कैलासनाथ मंदिरातल्या खांबावर कन्नडमध्ये लिहिलेले आहे: देवाचे धन पाहिले आणि ते देवालाच परत दिले. या दोन घराण्यांच्या वैराची कथा वाचताना मला सर्वांत जवळची वाटते ती ही नोंद. विक्रमादित्याची राणी लोकमहादेवी हिने या विजयाप्रीत्यर्थ पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर बांधवले.

त्यानंतर सुमारे १०५० वर्षांनी आपली माणसे या कड्याखाली आली. १७८६च्या मे महिन्यात टिपूविरुद्धच्या मोहिमेत पेशव्यांच्या आणि निजामाच्या फौजांनी बदामीला वेढा घातला. हरिपंत फडके फौजेचे प्रमुख होते आणि स्वतः नाना फडणीस छावणीत होते. मोर्चे बांधून तोफा डागल्या, सुमारे तीन आठवडे मारा चालला, पण तटाला म्हणावे तसे खिंडार पडेना. शेवटी २० मे रोजी सुलतानढवा करायचे ठरले. शिड्या लावून गावाचा तट घेतला गेला. आतली शिबंदी मागे हटत टेकड्यांवर चढली, हल्ला करणारे तिच्या पाठोपाठ घुसायला धावले, आणि इथे त्या घळींनी आपले काम केले. वरून दगड लोटले जाऊ लागले, गोळ्या येऊ लागल्या, माणसे पडली, चढाई अडली. टेकड्या त्या दिवशी लढून पडल्या नाहीत. पण खाली गाव गेले होते, तळे गेले होते, आणि वरच्यांनी जिवाच्या अभयाचा कौल मागून किल्ला खाली केला. पुढच्या वर्षी गजेंद्रगडच्या तहाने बदामी रीतसर मराठ्यांकडे आली. १८१८मध्ये इंग्रजांच्या थॉमस मन्रोने ती घेतली आणि किल्ला म्हणून तिचे आयुष्य जवळजवळ संपले. पुढे १९५६पर्यंत हा मुलूख मुंबई इलाख्यात आणि मुंबई राज्यात, विजापूर जिल्ह्यात होता. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणातले जेम्स बर्जेस यांचे पहिले काम, १८७४चे, याच बेळगाव-कलादगी भागावर आहे.

लेण्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पहिल्या लेण्याच्या बाहेर अठरा हातांचा नटराज आहे. हात मोजत बसण्यापेक्षा तो थोडा लांबून, एकदम पाहावा. दुसऱ्यात त्रिविक्रम आणि वराह. तिसरे सर्वांत मोठे: शेषावर बसलेला विष्णू, खांबांच्या माथ्यावरची युगुले, छतावर पुसट होत गेलेली रंगचित्रे. या लेण्याच्या परिसरात कारागिरांची नावेही कोरलेली आढळतात. चौथे जैन, बाहुबली आणि पार्श्वनाथाचे. चारही पाहताना अधूनमधून मागे वळावे. समोरच्या टेकडीवरून तुम्ही सकाळी उतरला असाल, तर तट, कोठारे, शिवालय एकेक करून ओळखता येतील.

तळ्याच्या काठाने चालत पूर्वेला भूतनाथापर्यंत जावे. या वाटेवर बायका आजही दगडी पायऱ्यांवर धुणे धुतात. उत्तरेच्या कड्यावर कप्पे अरभट्टाचा लेख आहे, कन्नड त्रिपदीतला फार जुना नमुना: चांगल्याशी चांगला, गोडाशी गोड आणि वाकड्यात शिरणाऱ्याला न सोडणारा, असे त्या वीराचे वर्णन त्यात आहे. भूतनाथाचा मंडप थेट पाण्यात उतरतो आणि मावळतीचा उजेड त्याच्यावर सरळ पडतो. अगस्तींनी इल्वल आणि वातापी या राक्षसभावांचा समाचार घेतला तो इथेच, असे लोक मानतात. इल्वलाने बोकड करून रांधून वाढलेल्या वातापीला अगस्तींनी पोटातच जिरवले, ही कथा रामायणात आणि महाभारतात आहे. जेवणानंतर पोटावरून हात फिरवत अगस्तींचे नाव घेणाऱ्या आजी-आजोबांकडून अनेकांनी ती ऐकली असेल. तळ्याच्या दोन बाजूंच्या दोन टेकड्या म्हणजे ते दोघे भाऊ, असे गावकरी दाखवतात.

महाराष्ट्रातून अनेक कुटुंबे बनशंकरीच्या दर्शनाला येतात. ती पुष्कळांची कुलदेवता आहे आणि पौष पौर्णिमेला तिथे मोठी जत्रा भरते. देऊळ बदामीपासून पाचेक किलोमीटरवर आहे. देवळाच्या आवारात बायका टोपल्यांतून कडक ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि घट्ट दही विकतात, ते जरूर घ्यावे. सोलापूर-हुबळी लोहमार्गावर बदामी स्थानक आहे, गावापासून तेही तेवढ्याच अंतरावर. कुलदेवतेला येणाऱ्या किती जणांनी शेजारचा किल्ला चढून पाहिला आहे, हे एकदा घरात विचारून पाहा.

जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर हा दगड तापतो आणि घळीच्या बाहेर सावली नाही. सकाळी संग्रहालय उघडताच उत्तरेची टेकडी चढा, लेणी दुपारनंतर ठेवा, संध्याकाळ भूतनाथासाठी. पाणी बरोबर घ्या, पण खाण्याची पिशवी उघडी धरू नका. माकडे ती हातातून नेतात. कड्याच्या कडेला कठडा सगळीकडे नाही, मुलांचा हात सोडू नका. लेण्यांजवळून दक्षिण टेकडीच्या किल्ल्यावर जाणारी पायऱ्यांची वाट दार लावून बंद ठेवलेली आहे. टिपूच्या काळातली तोफ वर आहे म्हणून कुलपापुढे पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. उत्तरेची टेकडी मोकळी आहे. तिच्यासाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवा.